बेळगावला तपासणीला जाताना डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं, काय विचारायचं?

मलप्रभाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सत्तरीतल्या मावशींसाठी विचारतोय. शुगर आणि बीपी दोन्ही आहे, राहणं खानापूर तालुक्यात, मोठी तपासणी बेळगावात. मराठीशिवाय दुसरी भाषा येत नाही. गावातल्या डॉक्टरांची एक चिठ्ठी आहे, बेळगावच्या डॉक्टरांची दुसरी, आणि दोन्हींच्या गोळ्या एकाच पिशवीत. नंबर लागायला दोन-तीन तास जातात आणि आत जेमतेम पाच मिनिटं मिळतात. सांगायचं ते राहून जातं, सांगितलेलं निम्मं कळत नाही, आणि बाहेर आल्यावर कुठली गोळी बंद आणि कुठली चालू यावरून घरात वाद होतात.

जायच्या आधी काय तयारी करावी? आत गेल्यावर बोलायला सुरुवात कशी करावी? डॉक्टर किंवा सिस्टर कन्नड बोलणारे असतील तर काय करावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

ओपीडी_सिस्टर

एक पान तयार करा. वहीचं एकच पान, पाठपोट नको. वर नाव, वय, वजन. खाली या खेपेला कशासाठी आलोय ते एका ओळीत, आणि त्याच ओळीत कधीपासून तेही. त्याखाली जुने आजार, झालेली ऑपरेशनं, कुठल्या औषधाने पुरळ किंवा सूज आली असेल तर त्याचं नाव. शेवटी विचारायचे प्रश्न, तीनच. दहा प्रश्न नेले तर एकाचंही धड उत्तर मिळत नाही.

ती पहिली ओळ सगळ्यात महत्त्वाची. "अंगात बरं वाटत नाही" अशी सुरुवात झाली की डॉक्टरांना अंदाजाने प्रश्न विचारत जावं लागतं आणि खरी तक्रार खुर्चीतून उठताना निघते. तोवर पुढचा पेशंट दारात उभा असतो. त्याऐवजी "पंधरा दिवस झाले, चढ चढताना छाती दाटते, थांबलं की दोन-तीन मिनिटांत जाते" असं म्हटलं तर त्या एका वाक्यावर ईसीजी निघतो. दुखणं कुठलंही असो, पाच गोष्टी सांगा: जागा, कधीपासून, सतत की येऊन-जाऊन, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. जागा बोटाने दाखवा. 'पोटात' म्हणजे बेंबीच्या वर की खाली, डावीकडे की उजवीकडे, यावरून निदान बदलतं.

'गॅस झालाय' हे आपल्याकडचं फार धोक्याचं वाक्य आहे. गॅस हे निदान झालं, तक्रार नव्हे. निदान डॉक्टरांवर सोडा, त्रास काय होतो तेवढं सांगा. बऱ्याच वर्षांची शुगर असलेल्यांना हार्ट अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही. नुसता दम लागतो, दरदरून घाम फुटतो, मळमळतं. असं अचानक झालं तर नंबर लावायची वाट बघू नका, 108 ला फोन करा.

'चक्कर येते' हेही फोड करून सांगा. घर गरगर फिरल्यासारखं वाटतं का? उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते का? की चालताना तोल जातो? पहिल्यात बऱ्याचदा कानाचा दोष निघतो. दुसऱ्यात बीपीची गोळी जास्त होत असेल, अंगातलं पाणी किंवा रक्त कमी असेल. तिसऱ्यात पायांच्या नसा किंवा मेंदू तपासावा लागतो. तिन्ही वेगळे आजार आहेत.

औषधांची नावं पाठ करायची गरज नाही. घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्या, रिकामी पाकिटंसुद्धा. पट्टी कापताना नाव आणि तारीख असलेला भाग शेवटपर्यंत ठेवा. गावातल्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदाच्या पुडीतल्या सुट्या गोळ्या, काढा, चूर्ण, भस्म, गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या हे सगळं त्याच पिशवीत. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो. ते डॉक्टरांना माहीत नसलं तर ते बीपीचा डोस वाढवत बसतात आणि मूळ कारण तसंच राहतं. गोळी चुकत असेल तर तेही सांगा. "रोज घेतो" असं खोटं सांगितलं की डोस वाढतो, आणि पुढे कधीतरी सगळ्या गोळ्या नीट घेतल्या जातात त्या दिवशी शुगर किंवा बीपी एकदम खाली येतं. मिश्री, तंबाखू, दारू यांचंही तसंच. लाजून लपवायची गोष्ट नाही.

बायकांच्या तक्रारी, अंगावरून जाणं, खोकताना लघवी सुटणं, घरच्या पुरुषासमोर निघत नाहीत. त्या एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आतल्या सिस्टरच्या हातात द्या. पुरुष डॉक्टर तपासणार असतील तर सोबत बाई असावी असं सांगायचा पेशंटला हक्क आहे.

आता आकडे. दवाखान्यातलं एक बीपी बघून ठरवणं डॉक्टरांनाही अवघड जातं, कारण प्रवास, जिना, घाबरणं याने ते चढतं. घरी मशिन असेल तर सात दिवस सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी मोजा. आधी पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून गप्प बसायचं. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला. एक मिनिट सोडून दोनदा मोजा, दोन्ही आकडे तारीख-वेळेसह लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे डॉक्टर बहुधा धरत नाहीत, तरी लिहा.

शुगरचं: उपाशीपोटीची म्हणजे निदान आठ तास काही न खाता, पाणी चालतं. जेवणानंतरची दोन तास जेवायला बसल्यापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नव्हे. ज्या दिवशी तपासणी त्या दिवशी रोजचंच जेवण करा. त्या एका दिवशी भात सोडून आलात तर तो आकडा काही उपयोगाचा नाही. एचबीएवनसी दोन-तीन महिन्यांचा अंदाज देते, त्याला उपाशी राहावं लागत नाही. पण रक्त कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर ती चुकीची येऊ शकते, तेव्हा हे आधी सांगा.

---

शहापूर_पेठ

भाषेचं मी लिहितो. बेळगावात बऱ्याच डॉक्टरांना मराठी कळतं, पण शिकाऊ डॉक्टर आणि सिस्टर बाहेरगावचे असतात, आणि माहिती पहिल्यांदा तेच लिहून घेतात. केसपेपरवर पहिली ओळ चुकली की पुढचे सगळे तीच वाचतात. म्हणून मोठ्या डॉक्टरांपुढे जाईपर्यंत थांबू नका, पहिल्या टेबलावरच सांगा: "मावशींना फक्त मराठी येतं, कोणी मराठी बोलणारं आहे का?" बहुतेक वेळा वॉर्डातलं कोणीतरी असतंच.

सोबत एकच माणूस आत जावा, आणि त्याने मावशींच्या वतीने उत्तरं द्यायची नाहीत. मुलगा "काही नाही, जरा अशक्तपणा आहे" म्हणून मोकळा होतो आणि मावशी रात्री चार वेळा लघवीला उठतात हे राहूनच जातं. मावशी बोलतील तसंच पुढे सांगायचं, डॉक्टर बोलतील तसंच मागे सांगायचं. मधलं आपल्या मनाने गाळायचं नाही, गोड करायचं नाही. नातवंडांना दुभाषी करू नका. आजीच्या पोटाखालच्या तक्रारी दहावीतल्या पोरापुढे निघत नाहीत.

चार-पाच कन्नड शब्द सोबतच्या माणसाला येत असू द्या: नोवू म्हणजे दुखणं, एदे छाती, होट्टे पोट, 'ऊटद मुंचे' जेवणाआधी, 'ऊटद नंतर' जेवणानंतर. समोरचा भराभर बोलत असेल तर "स्वल्प निधान हेळ्री", आणि शेवटी "बरेदु कोड्री", म्हणजे लिहून द्या. एवढं म्हटलं तरी समोरच्याचा सूर बदलतो.

आणि उठायच्या आधी ऐकलेलं परत म्हणून दाखवा. "म्हणजे ही पांढरी सकाळी जेवणाआधी, ही रात्री, आणि जुनी गुलाबी बंद, बरोबर?" नुसतं "कळलं का?" विचारल्यावर सगळेच मान हलवतात. परत म्हणून दाखवलं की चूक तिथल्या तिथे सापडते. याला वीस सेकंद लागतात. दुसरं काही जमलं नाही तरी एवढं चुकवू नका.

---

औषधवाला_निपाणी

मलप्रभाकाठ, दोन चिठ्ठ्या एका पिशवीत हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात काळजीचा भाग आहे. ब्रँड वेगळे असले तरी आतलं औषध एकच असू शकतं. शुगरच्या जोडगोळीत बऱ्याचदा ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन दोन्ही असतात. एका चिठ्ठीत ती, दुसऱ्या चिठ्ठीत मेटफॉर्मिन वेगळी, झाला दुप्पट डोस. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल, तापाच्या गोळीतही तेच. म्हणून पट्टीवर मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याच्या जवळचं बारीक अक्षरातलं औषधाचं मूळ नाव वाचा आणि मिलिग्रॅम बघा. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवून विचारा: "यातल्या चालू कुठल्या, बंद कुठल्या? बंदवर काट मारून द्या." तोंडी 'बंद करा' घरी पोचेपर्यंत टिकत नाही.

चिठ्ठीत मूळ नाव मागून घ्या. बेळगावातला ब्रँड गडहिंग्लज-कोल्हापूरकडे मिळेलच असं नाही, मूळ नाव असलं की जनऔषधी केंद्रातही बदल मिळतो. डॉक्टरांनी मूळ नावाने, वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं असं मेडिकल कौन्सिलच्या नियमातच आहे. तेव्हा मागायला संकोच नको.

खुणा: ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. 1-0-1 म्हणजे सकाळ-संध्याकाळ. गोळी किती दिवस हेही विचारा. बीपीची गोळी पंधरा दिवसांची लिहिली म्हणजे पंधरा दिवसांनी दाखवायला या, गोळी संपवून टाका असं नव्हे. यात फार लोक फसतात.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर, म्हणजे पोट बिघडत नाही. संधिवाताला मेथोट्रेक्झेट लिहिली असेल तर ती आठवड्यातून एकदाच असते. वार ठरवून पाकिटावर लिहा. रोज घेतली तर जिवावर बेतते.

इन्सुलिन असेल तर बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एक हवा. आपल्याकडे 40 युनिटच्या (म्हणजे एका मिलीत 40 युनिट) बाटल्या आहेत, त्यांची सिरिंज लाल टोपणाची. 100 युनिटची सिरिंज केशरी टोपणाची. 100 चं इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये भरलं तर अडीचपट डोस जातो. उलट केलं तर निम्म्याहूनही कमी. दुकानात सिरिंज मागताना बाटली दाखवूनच घ्या.

आणखी एक, जे डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही: उपवास. मावशी एकादशी, संकष्टी, नवरात्र धरत असतील तर वार आणि दिवस सांगा आणि विचारा, "त्या दिवशी शुगरची गोळी किती घ्यायची?" ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी राहिलं तर शुगर उतरते. हात थरथरतात, घाम येतो, बोलणं विस्कळीत होतं. 70 च्या खाली आली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, 108.

---

मलप्रभाकाठ

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. आणखी दोन शंका. प्रश्न विचारले की काही डॉक्टर चिडतात, मग पुढे बोलायचा धीर होत नाही. आणि मोठी तपासणी किंवा ऑपरेशन सांगितलं तर कोल्हापूर-मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं का? त्यासाठी इथले कागद मिळतात का?

---

हक्काचं_बोला

कागद मिळतात, आणि मागणं हा तुमचा हक्क आहे. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने लेखी मागणी केली की 72 तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. अर्ज दोन प्रतींत करा, एका प्रतीवर पोच घ्या. दाखल असलेल्या पेशंटचे कागद निदान तीन वर्षं जपणंही बंधनकारक आहे. दुसरं मत घेण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट आहे. औषध आणि तपासणी कुठल्या दुकानात, कुठल्या लॅबमध्ये करायची हे निवडण्याचा हक्कही त्यातच आहे.

नुसता छापील रिपोर्ट नेऊन भागत नाही. सीटी किंवा एमआरआयची सीडी न्या, दुसऱ्या डॉक्टरांना चित्रं स्वतः बघायची असतात. गाठीचा तुकडा तपासला असेल तर पॅथॉलॉजीतून काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागा. नाहीतर मिरजेत परत तुकडा काढायची वेळ येते. डिस्चार्ज कार्डवर निदान, काय केलं, घरी कुठली औषधं आणि कधी परत यायचं हे चारही आहे का ते काउंटर सोडायच्या आधी वाचा.

सहीबद्दल. संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असेल तर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. काय करणार, का, धोका काय, दुसरा पर्याय काय, न केलं तर काय, एवढं कळलं पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सांगितलंय की तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही. त्या खटल्यात भुलीखालच्या पेशंटच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढलं होतं. जीव वाचवण्याची तातडी नसेल तर शुद्धीवरच्या सज्ञान माणसाची सही त्याचीच हवी, नातेवाइकाची चालत नाही. मावशी सत्तरीच्या आहेत म्हणून मुलाने परस्पर सही करणं बरोबर नाही.

खर्च दाखल होण्याआधी लेखी विचारा. कर्नाटकात खासगी दवाखान्यांचा वेगळा कायदा आहे, 2007 चा, 2017 मध्ये सुधारलेला. त्यात दर लावून ठेवणं आलं, आणि तक्रारीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं जिल्हा प्राधिकरणही आलं. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार असेल तर कर्नाटक मेडिकल कौन्सिल. पण तक्रारीचा मार्ग शेवटचा. आधी त्याच दवाखान्याच्या अधीक्षकांना भेटा, बरंच काही तिथेच सुटतं.

योजनांचं थोडक्यात. आयुष्मान आरोग्य कर्नाटकमध्ये बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार, एपीएलला (रेषेवरच्यांना) पॅकेजच्या, म्हणजे योजनेत ठरलेल्या दराच्या, 30 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. तातडी नसेल तर खासगीत जायला सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती न घेता थेट दाखल झाल्यामुळे अनेकांचं काम अडतं. महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले जनआरोग्य योजना 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली. तुमचं गाव यादीत आहे का आणि कुठले कागद लागतील हे कोल्हापूर-मिरजेच्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) दाखल होण्याआधी विचारा.

---

ओपीडी_सिस्टर

चिडण्याबद्दल. दिवसाला शंभरएक पेशंट बघणाऱ्या माणसाला "हे कशाला?" हा प्रश्न आरोपासारखा लागतो. तोच प्रश्न "डॉक्टर, या तपासणीने उपचारात काय फरक पडेल?" असा विचारला की उत्तर मिळतं. मोबाईलवर वाचलेलं पुढे करू नका, मनातली भीती सांगा: "आम्हाला किडनीची भीती वाटते, तसं काही आहे का?" हे विचारलं की डॉक्टर रिपोर्ट परत उघडून बघतात. दुसऱ्या मताबद्दलही सरळ सांगा: "घरच्यांचा धीर व्हावा म्हणून एकदा कोल्हापुरात दाखवतो, कागद द्याल का?" चांगले डॉक्टर याला नाही म्हणत नाहीत. परत-परत अपमान होत असेल, प्रश्नालाच उत्तर नसेल, तर डॉक्टर बदला. त्यात उपकार विसरल्यासारखं काही नाही.

मोठ्या तपासणीआधी दोन गोष्टी न विचारता सांगा. सीटीला शिरेतून रंग सोडणार असतील तर किडनीचा क्रिएटिनिन रिपोर्ट, मेटफॉर्मिन चालू आहे हे, आणि आधी कधी अशा औषधाने त्रास झालाय का ते. आणि कुठलंही ऑपरेशन, दात काढणंसुद्धा, असेल तर रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल घेतोय हे. ती आपल्या मनाने बंद करायची नाही. हृदयात स्टेंट असेल तर ती बंद केल्याने अटॅक येऊ शकतो. कधी थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर आणि ऑपरेशन करणारे डॉक्टर मिळून ठरवतात.

शेवटचा प्रश्न दर वेळी हाच ठेवा: "कुठली लक्षणं दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच यायचं?" उत्तर त्याच पानावर तिथेच लिहून घ्या.

---

औषधवाला_निपाणी

एक राहिलं. हल्ली रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवतात. बल्बखाली काढलेला तिरका फोटो पाठवू नका, आकडे वाचता येत नाहीत. लॅबकडून पीडीएफ घ्या. सोबत एकाच मेसेजमध्ये नाव, वय, शेवटची भेट कधी झाली ती तारीख, चालू गोळ्या आणि एक प्रश्न. मेसेजवर गोळी बदलली गेली तर पुढच्या खेपेला तो बदल केसपेपरवर चढवून घ्या. दवाखान्याच्या कागदावर जुनाच डोस राहिला तर पुढचा डॉक्टर तोच चालू ठेवतो.